नवऱ्याचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलं, आता मीच गुन्हेगार ठरेन का?

प्रश्न : लग्नाला सात वर्षं झाली, पाच वर्षांची मुलगी आहे. फ्लॅटचे हप्ते थकल्यापासून नवरा 'वडिलांकडून पैसे आण' म्हणून मागे लागलाय. शिवीगाळ रोजची, दोनदा हातही उचलला. वर्षभर मी त्याचे फोन आणि घरातली भांडणं मोबाईलवर रेकॉर्ड केली. एकदा जुना मोबाईल बेडरूममध्ये चालू ठेवून बाहेर गेले. त्यात तो माझ्याविषयी सासूबाईंशी जे बोलला ते आलंय. आता त्याने पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज केलाय. रेकॉर्डिंगचं कळल्यावर 'तुलाच आत टाकीन' म्हणतो. बहीण म्हणते, त्याच्या फोनमध्ये एक ॲप टाक, सगळंच बाहेर येईल. काय करू?

उत्तर : ताई, बहिणीच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण ते अजून घडलेलं नाही. ॲप टाकू नका. दुसऱ्याच्या फोनमध्ये त्याच्या परवानगीशिवाय शिरणं, त्यात हेरगिरीचं सॉफ्टवेअर टाकणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नवऱ्याचा फोन म्हणजे घरातला फोन, अशी सवलत कायद्यात नाही. आज तक्रारदार तुम्ही आहात. ॲप टाकलंत की आरोपी व्हाल, आणि त्याच्या वकिलाला हेच हवं असेल.

आता 'आत टाकीन' या धमकीबद्दल. ज्या बोलण्यात तुम्ही स्वतः आहात, ते समोरच्याला न सांगता रेकॉर्ड करणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. असं रेकॉर्डिंग पुराव्यात चालतं का, हा वादही जुना आहे. मुंबईच्या एका कोरोनरवरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाचेच्या खटल्यात बोलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या संमतीने पोलिसांनी फोन टेप केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये तो पुरावा ग्राह्य धरला.

नवरा-बायकोच्या बाबतीत मात्र एक अडसर होता. लग्न टिकून असताना जोडीदाराने जे सांगितलं ते त्याच्या संमतीशिवाय कोर्टात उघड करता येत नाही, असं जुन्या पुरावा कायद्याचं कलम 122 सांगायचं. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 128 झालंय. त्याच कलमात अपवादही आहे : दावा नवरा-बायकोतलाच असेल, किंवा एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याचा खटला असेल, तर हे बंधन नाही. तरीही खासगीपणाच्या हक्काचा मुद्दा काढून काही उच्च न्यायालयं अशी रेकॉर्डिंगं नाकारत होती. भटिंड्याच्या एका घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्याने बायकोशी झालेल्या बोलण्याची सीडी दिली. कौटुंबिक न्यायालयाने ती घेतली, पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने 2021 मध्ये तो आदेश फिरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 14 जुलै 2025 रोजी न्या. नागरत्ना आणि न्या. शर्मा यांच्या खंडपीठाने कौटुंबिक न्यायालयाचा आदेश कायम केला. रेकॉर्डिंगला परवानगी दिली तर संसारात हेरगिरी बोकाळेल, या युक्तिवादावर न्यायालयाचं म्हणणं असं की, नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवायला लागले असतील तर तो संसार आधीच मोडकळीला आलेला असतो. मला हे पटतं. गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या घरात कोणी फोनचं रेकॉर्डर चालू करून बसत नाही.

तेव्हा तुमचे फोन आणि तुमच्यासमोरची भांडणं कोर्टापुढे ठेवता येतील. हाच अधिकार त्यालाही आहे, हे विसरू नका. तोही आज तुमचं बोलणं टिपत असेल असं धरूनच बोला.

बेडरूममधल्या रेकॉर्डिंगची गोष्ट वेगळी. ते बोलणं मायलेकांचं, तुम्ही त्यात नाही. 2025 चा निकाल नवरा-बायकोतल्या संभाषणाचा आहे, त्याची ढाल इथे पुढे करता येणार नाही. बायको माहेरच्यांशी आणि मैत्रिणींशी फोनवर काय बोलते ते नवऱ्याने टेप केलं होतं, तेव्हा आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून पुरावा नाकारला होता. तुमच्या घटनेत फोन टॅप झालेला नाही, एवढा फरक आहे. तरी माझा सल्ला, ती फाईल दाखल करू नका. पुसूही नका. वकिलाला सांगा आणि तशीच ठेवा. नवरा सासूबाईंशी तुमच्याविषयी काय बोलला हे ऐकून कोर्टाच्या हातात फारसं काही लागणारही नाही.

रेकॉर्डिंग घेतलं जाईल याचा अर्थ ते सिद्ध झालं असा नाही. आवाज कुणाचा, बोलणं विषयाला धरून आहे का, त्यात काटछाट झाली आहे का, हे तपासलं जातं. पक्षकार इथेच मार खातात. माझ्याकडे लोक वीस-वीस सेकंदांच्या क्लिप घेऊन येतात, प्रत्येकीत समोरचा ओरडतोय. त्याआधी काय झालं, असा पहिला प्रश्न न्यायाधीश विचारतात आणि अशील खाली बघतं. संपूर्ण रेकॉर्डिंग द्यावं लागेल आणि त्यात तुमचा आवाजही ऐकला जाईल. तुम्हीही दोन शिव्या दिल्या असतील, त्याला डिवचलं असेल, तर उलटतपासणीत ते निघणारच. वकिलाला आधीच सगळं ऐकवा, लाजू नका.

ज्या मोबाईलमध्ये मूळ फाईल आहेत तो विकू नका, फॉरमॅट करू नका, एक्स्चेंजमध्ये तर अजिबात देऊ नका. फाईलचं नाव बदलू नका, 'आवाज साफ' करायच्या भानगडीत पडू नका. व्हॉट्सॲपवरून वकिलाला पाठवलेली फाईल ऐकण्यापुरती ठीक, दाखल करायची प्रत थेट फोनमधून काढायची. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा पहिला भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (संगणकाने फाईलवरून काढलेला ओळखीचा आकडा) द्यावी लागते; फाईलमध्ये कणभर बदल झाला तरी हा आकडा बदलतो. शिवाय तारीखवार, शब्दशः लेखी उतारा तयार करा. शिव्यांच्या जागी टिंबं देऊ नका.

आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर यातलं काहीही टाकू नका. कोर्टात दिलेलं रेकॉर्डिंग पुरावा असतो, ग्रुपवर टाकलेलं बदनामीच्या फिर्यादीला निमंत्रण देतं.

सगळा भार रेकॉर्डिंगवर टाकू नका, हे मी मुद्दाम सांगतो. दोनदा हात उचलला तेव्हा डॉक्टरकडे गेला होतात का? ते कागद शोधा. वडिलांनी पैसे दिले असतील तर बँकेचं स्टेटमेंट काढा. शेजारी कोणी ऐकलं असेल तर त्यांची नावं लिहून ठेवा. पैशासाठी छळ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली गुन्हा आहे. घटस्फोटाच्या दाव्यात नुसता बचाव करत बसण्यापेक्षा 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली वेगळा अर्ज करा. संरक्षण, त्याच घरात राहण्याचा हक्क, तुमचा आणि मुलीचा खर्च, हे सगळं त्यात मागता येतं. कलम 23 खाली अंतरिम आदेशही मिळू शकतो. तुमची रेकॉर्डिंगं तिथेही उपयोगी पडतील.

घटस्फोटाच्या दाव्यात तुम्हाला आधी समुपदेशकाकडे पाठवतील, कदाचित मध्यस्थीलाही. तिथलं बोलणं गोपनीय असतं. आत जाताना मोबाईल बंद करा.