प्रोजेक्टरला एचडीएमआय की व्हीजीए? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: प्रोजेक्टर छताला टांगायचाय. केबलचा मार्ग १२ मीटर. भिंतीत कोणती केबल टाकू?

उत्तर: एचडीएमआयच (चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी डिजिटल केबल). पण आधी पाइपचं बघा. २० मिमीच्या वायरिंग पाइपातून एचडीएमआयचं डोकं सहसा जात नाही. ४० मिमीचा पाइप टाका, कोपऱ्यात एल्बोऐवजी लांब बेंड घ्या, आत नायलॉनची दोरी कायमची ठेवा आणि विजेच्या वायरी दुसऱ्या पाइपातून न्या. १२ मीटरवर तांब्याची साधी केबल १०८०पी (फुल एचडी चित्र) कदाचित ओढेल. ४के (त्याच्या चौपट बारीक चित्र) ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांना, सेकंदाला १८ गिगाबिटचा वेग लागतो, तिथे तिचा भरवसा नाही. म्हणून ऑप्टिकल (सिग्नल प्रकाशाने नेणारी) एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते: 'सोर्स' छापलेलं टोक सेट-टॉप बॉक्सकडे, 'डिस्प्ले' प्रोजेक्टरकडे. उलटी बसली तर पडदा काळाच राहतो आणि अख्खी केबल उपसावी लागते. त्यामुळे ओढण्याआधी जमिनीवर जोडून अर्धा तास चित्र चालवून बघाच.

प्रश्न: जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीएच (फक्त चित्र घेणारं जुनं ॲनालॉग सॉकेट) आहे. एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लावून लॅपटॉप दिसतो, सेट-टॉप बॉक्स मात्र दिसत नाही.

उत्तर: कन्व्हर्टर बिघडलेला नाही. बॉक्स चित्र सोडण्याआधी समोरच्या उपकरणाकडे एचडीसीपीची (कॉपी रोखणाऱ्या डिजिटल कुलपाची) ओळख मागतो. कन्व्हर्टरकडून ती मिळाली नाही की चित्र अडवतो. लॅपटॉप साध्या डेस्कटॉपसाठी ती मागत नाही. बॉक्सला लाल-हिरवी-निळी कंपोनंट सॉकेटं असतील आणि प्रोजेक्टर व्हीजीएतून कंपोनंट घेत असेल (मॅन्युअलमध्ये बघा), तर तो मार्ग घ्या. पिवळी आरसीए केबल शेवटचा पर्याय: ५७६ ओळींचंच चित्र, मोठ्या पडद्यावर अक्षरं फुटतात.

प्रश्न: व्हीजीएवर पांढरा रंग पिवळा दिसतो आणि अक्षरांना सावली पडते.

उत्तर: हे दोन वेगळे दोष आहेत. पिवळेपणा म्हणजे निळा सिग्नल तुटलाय. केबलच्या टोकाची रुंद बाजू वर धरा. वरच्या पाचांतली मधली पिन निळ्याची. ती वाकली असेल तर बारीक चिमट्याने हळूच सरळ करा. मधल्या ओळीत एखादी पिन दिसली नाही तर घाबरू नका, नववी पिन बऱ्याच केबलींत मुळातच नसते. अक्षरांच्या उजवीकडे सावली पडत असेल तर केबल लांब किंवा हलकी आहे. जाड, टोकांजवळ फेराइटचे (बाहेरचा विद्युत गोंगाट रोखणारे) गोळे असलेली आणि जमेल तितकी आखूड घ्या. कडा नुसत्या थरथरत असतील तर रिमोटवरचं 'ऑटो' दाबा, नाहीतर मेन्यूतलं 'फेज' एकेक अंकाने हलवा.

प्रश्न: एचडीएमआयवर पांढरे ठिपके चमकतात.

उत्तर: केबलला वेग झेपत नाही. आधी ६०चे ३० हर्ट्झ करून बघा. ठिपके गेले तर केबल बदला. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टशी खेळून काही होणार नाही.