वस्तऱ्याने दाढी केली की दिवसभर गाल चुरचुरतात. सवयीने कमी होईल का?

सवयीने कमी होईल, पण आधी धार बघा. तुम्ही लिहिलंय की अखंड पात्याचा नवा वस्तरा ऑनलाइन मागवला. असे बरेच वस्तरे दाढीच्या लायकीची धार नसतानाच घरी येतात. आमच्या इंदुरात सलूनमध्ये दिसतो त्यात अर्धं ब्लेड बसवलेलं असतं, म्हणून धारेचा प्रश्नच येत नाही. तुमच्या वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवून तो सपाट दगडावर घासावा लागतो, शेवटचे हात ८००० ग्रिट (दगडाच्या दाण्याचा आकडा, जितका मोठा तितका दगड बारीक) किंवा त्याहून बारीक दगडावर. हे जमत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या, पण सायकलच्या चाकावर सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे मुळीच देऊ नका, पात्याची वाट लागेल.

दर दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवा. पाठ पुढे, धार मागे, आणि वळवताना पाठीवरच वळवा. धारेवर वळवलात तर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते.

आता हात. पातं गालावर आडवं टेकवा आणि पाठ थोडीशीच उचला, साधारण ३० अंश. त्याहून उभं धरलं की ते केस कापायचं सोडून कातडी खरवडतं. नव्या माणसाचे गाल बहुतेक याच्यामुळेच चुरचुरतात. त्यात दाबायचा मोह होतो, तो टाळा. वस्तऱ्याचं वजन पुरतं. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची, कानाजवळ वर, जबड्याखाली खाली. फेसाने बोटं घसरतात, म्हणून ओल्या तुरटीवर ती घासून घ्या, पकड येते. धार बरोबर असेल तर केस कापल्याचा बारीक करकर आवाज येतो. आवाज नाही आणि केस ओढले जातायत, तर तिथेच थांबा.

सुरुवातीला फक्त गाल, तेही केसांच्या दिशेनेच. हनुवटी आणि ओठावरचा भाग खुशाल साध्या रेझरने करा. माझी हनुवटी सगळ्यात शेवटी जमली. मानेवर केस कुठल्याही दिशेला वळतात, तेव्हा आधी बोट फिरवून बघा.

पाण्याकडेही लक्ष द्या. बोरिंगच्या जड पाण्यात साबणाचा फेस धरत नाही, लगेच विरतो आणि पातं कोरड्या कातडीवर चालतं. आमच्याकडे नर्मदेचा नळ येतो तेव्हा एक तांब्या दाढीसाठी बाजूला काढून ठेवतात, तुमच्याकडे तसं नसेल तर पाणी उकळून निवळलेलं वरचं घ्या.

दाढी झाली की पातं पुसून कोरडं करा, बाथरूममध्ये ठेवू नका. पावसाळ्यात त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावा, नाहीतर साध्या पोलादाला धारेपासूनच गंज चढतो.