जुन्या फ्रेमला दुसरा चिमटा बसवताना

सायकलचा जुना चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, वाकला असला तरी एवढ्यात भंगारात टाकू नकोस. तुझं माप तोच आहे.

आधी त्याची वरची नळी बघ. जुन्या सायकलींत ती बहुधा 1 इंच, म्हणजे 25.4 मिमी जाडीची आणि वर आटे पाडलेली असते. आटे साधारण इंचाला 24, पण जुन्या रॅले कंपनीच्या सायकलींना 26. जुन्या फ्रेंच सायकलींची तर नळीच 25 मिमीची. हेडसेटचं, म्हणजे ही नळी फ्रेममध्ये फिरती ठेवणाऱ्या बेअरिंगच्या संचाचं, नट हातानेच फिरवून बघ. दोन फेऱ्यांत अडकलं तर पान्याने रेटू नकोस, आटे कायमचे जातील.

खरा घोळ लांबीचा. नळी लांब असली तर कापता येते, आखूड असली तर विषय संपला. शिवाय आटे फार खालपर्यंत गेलेले नकोत. हँडलच्या स्टेमचं, म्हणजे हँडल धरून नळीत उतरणाऱ्या दांड्याचं, टोक आट्यांच्या भागात आवळलं गेलं की नळी तिथेच तडकते. असा एक चिमटा मी काढलाय. केसाएवढी काळी रेघ, ग्रीस पुसल्यावरच दिसली. म्हणून हे मनापासून सांगतोय.

चिमट्याच्या खांद्यावर बेअरिंगची कडी बसते ती जागा 26.4 मिमी की 27, हे व्हर्नियर कॅलिपरनेच मोज. नजरेला कळत नाही.

चिमट्याची उंची आणि पुढचा बाक जुन्याच्या जवळपास ठेव, नाहीतर हँडलचा स्वभाव बदलतो. आणि 27 इंची चाकाऐवजी त्याहून किंचित लहान 700सी मापाचं चाक घालणार असशील, तर रिम 4 मिमी खाली जाते; ब्रेकचे रबर तिथवर पोचतात का, ते आधी बघ.