नदीतले मासे जगवायचे म्हणजे शेतीचं पाणी तुटणारच ना?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर मासे आणि पाणी वापरणारे दोघांचंही भागवलं म्हणतात, तसं नाशिकच्या गोदावरीवर जमेल का, की शेवटी आवर्तनावरच, म्हणजे शेतीला पाळीने मिळणाऱ्या कालव्याच्या पाण्यावरच घाला येणार? मी निफाड तालुक्यातला द्राक्षवाला. पाणी वापर संस्थेचं सचिवपद सहा वर्षं सांभाळलं, म्हणजे पाण्यापायी शिव्या खाण्याचा अनुभव दांडगा. तेव्हा हे उत्तर पाणीवाल्याच्या बाजूने आहे असंच धरा.

कोलोरॅडोत मासे कुणाला आवडले म्हणून काही झालं नाही. 1973 चा संकटग्रस्त प्रजातींचा कायदा इतका कडक, की नदीत असा मासा असला तर धरण-कालव्यांच्या परवानग्या लटकतात. कोर्टकज्जे नकोत म्हणून 1988 मध्ये राज्यं, पाणीवाले, वीजवाले आणि पर्यावरणवाले एकत्र बसले. चार जातींच्या माशांसाठीची कामं सगळ्यांनी मिळून करायची आणि त्या बदल्यात प्रकल्पांना कायद्याचं संरक्षण, असा सौदा झाला. आज अडीच हजारांवर प्रकल्प त्या छत्रीखाली आहेत. ग्रँड जंक्शन गावाजवळ नदीचा 24 किलोमीटरचा तुकडा कालव्यांच्या उपशामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस पार रोडावायचा. तिथे कुणाचा हक्क कापला नाही. कालव्यात जागोजागी दरवाजे बसवले, म्हणजे टेलला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचवायला वरून जादा सोडावं लागेना. वाचलेलं पाणी माशांच्या वाट्याला आलं. हे वाचून मला हसूच आलं, कारण आमच्या चारीचं, म्हणजे पोटकालव्याचं, दुखणंही हेच.

सगळं गोडच झालं असं मात्र नाही. त्या चार जातींपैकी हम्पबॅक चब 2021 मध्ये धोक्याच्या यादीत एक पायरी सुधारला, पण बोनीटेल अजून हॅचरीच्याच, म्हणजे पिल्लं वाढवणाऱ्या केंद्रांच्याच जिवावर तगून आहे. बाहेरून आणलेला स्मॉलमाउथ बास नावाचा मासा त्यांची पिल्लं खातो, त्यावर अजून धड उपाय नाही. आपल्याकडे बाहेरून आलेले चिलापी आणि मांगूर मासे आठवा.

आता आपली गंगा, म्हणजे गोदावरी. नकटा नावाचा मासा असतो, नाकावर आडवी खाच, जणू दोन तोंडं. लेबिओ पोटेल म्हणून दुसरा. दोघांची शास्त्रीय नोंद साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये केली आणि आज दोघेही आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त आहेत. अशा माशांना पाणी किती, यापेक्षा कधी आणि कसं येतं ते महत्त्वाचं. पहिल्या पुराबरोबर चढणीचे मासे वर निघतात अंडी घालायला. त्यांच्या वाटेत केटी बंधारे, म्हणजे फळ्या लावून पाणी अडवणारे. नियमाने पावसाळ्याआधी बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या आणि पाऊस सरला की बसवायच्या. पण गाळात रुतलेली खालची फळी कोण काढतो? वरच्या चार काढल्या की काम झालं. गढूळ पाण्यात मासे त्या खालच्या फळीवर धडका देतात आणि बंधाऱ्यावर पोरं घमेली घेऊन उभी असतात. लहानपणी मीही त्यांच्यातलाच.

दुसरी गोष्ट गोदावरीवरच्याच, खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाची. 2014 च्या आदेशाप्रमाणे 15 ऑक्टोबरला तिथे 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असला तर वरच्या धरणांनी पाणी द्यायचं. 2023 च्या नोव्हेंबरात नाशिक-नगरमधून साडेआठ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास सोडायचा हुकूम होता. ऐन गोडी छाटणीनंतरचे, म्हणजे द्राक्षाच्या फळछाटणीनंतरचे दिवस, त्यामुळे आमची डोकी तापलेली. ते भांडण इथे नको. पण गंमत बघा, त्या वेळी नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात आणि बंधाऱ्यांच्या फळ्या दोन दिवसांत काढतात. सगळ्या, अगदी खालच्यासुद्धा! म्हणजे निघतात त्या.

आणि वरच्या धरणाचं गेट बंद होतं तेव्हाचं दृश्य एकदा बघाच. रात्रीत पाणी उतरतं. सकाळी खडकांच्या खळग्यात बोटभर शिंगाडे, मळ्ये, वामीची पिल्लं वळवळत असतात, दहा वाजेपर्यंत तिथे बगळ्यांची पंगत बसलेली असते. तेच गेट तीन-चार दिवसांत टप्प्याटप्प्याने खाली घेतलं तर मासे पाण्याबरोबर डोहात सरकतील. एकूण सोडायचं पाणी तेवढंच ठेवूनही हे बसवता येतं, फक्त वेळापत्रक नीट आखायला हवं.

नाशिक शहराच्या सांडपाण्याचं आणि पानवेलींचं वेगळं सांगायला नको. त्या पाण्यात मासा सोडणं म्हणजे त्याला मारणंच. मंत्र्याच्या हस्ते बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडून फोटो काढण्यावरही माझा विश्वास नाही. कावेरीत बाहेरचा महासीर सोडला आणि तिथला मूळचा कुबडा महासीर संपायला आला.

तेव्हा जमेल का, तर आमचं एक आवर्तनही न तोडता निम्मं तरी जमेल. उरलेल्या निम्म्यासाठी चाऱ्यांची गळती थांबवायला पैसा लागेल, आणि वाचलेल्या पाण्यातला वाटा नदीला देताना लोक भांडतील. मीही भांडेन. संस्थेच्या सभेत मी फळ्यांचा विषय काढला तेव्हा मागून एकाने विचारलं, "मासा पाणीपट्टी भरतो का?" सगळे हसले. तरी खालच्या दोन फळ्या काढायला जेसीबीचं भाडं मंजूर झालं, प्रश्न विचारणाऱ्याच्याच सूचनेवरून. त्याला वाम आवडते.