‘असं झालं असतं तर’ हा विचार संस्कृतीप्रमाणे बदलतो का?

बदलतो, पण भाषेमुळे नव्हे. चिनी भाषिकांना असा विचार करणं जड जातं, असं मानसशास्त्रज्ञ अल्फ्रेड ब्लूम यांनी लोकांना जर-तरच्या गोष्टी वाचायला देऊन १९८१ मध्ये मांडलं होतं. पुढे मानसशास्त्रज्ञ टेरी ऑ यांनी तशाच गोष्टी सरळ, सुबोध चिनीत लिहून दिल्या आणि लोकांना त्या व्यवस्थित कळल्या. जर-तर सगळेच करतात. त्यात कोणाचं वागणं बदलून बघायचं, हे मात्र घरात शिकवलं जातं.

आमचे काका पानिपतावर बोलायला लागले की ठरलेलं वाक्य: “भाऊंनी बायका बरोबर नेल्या नसत्या तर निकाल वेगळा लागला असता.” डिसेंबर १७६० मध्ये मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, गंगा-यमुनेच्या दोआबातली रसद तुटली, दिल्लीची वाट अब्दालीने अडवलेली, आणि १४ जानेवारीला उपाशी फौज लढायला बाहेर पडली. यातलं काही बदलून बघावंसं काकांना कधी वाटलं नाही.

वडील गेले तेव्हाही हेच. रात्री छातीत जळजळतंय म्हणाले. आईने ओवा आणि काळं मीठ गरम पाण्यातून दिलं, एरवी त्याने बरं वाटायचं. घाम फुटला तशी शेजाऱ्यांची जीप काढली. सरकारी दवाखान्याला कुलूप. तालुक्याला नेताना घाटातच गेले. तेराव्याला पंगत उठायच्या आत काका ओसरीवरून म्हणाले, “वहिनीनं ओव्यात वेळ घालवला नसता तर दादा आज असता.” आई आत पत्रावळी उचलत होती, तिला स्वच्छ ऐकू गेलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टर गावात मुक्कामी असता तर, हे कोणी म्हणालं नाही. ते नशिबाच्या खात्यात. आणि वडिलांना चढावर दम लागायला लागला होता तेव्हा “तपासण्यांचं लावणीनंतर बघू” म्हणणारे काकाच होते. पैशांच्या किल्ल्या त्यांच्याकडे.

यात्रेकरू, बाजारबुणगे, कुटुंबकबिला यांची खाणारी तोंडं पानिपतावर जड झाली, हे खरंच आहे. पण सगळ्यांना बरोबर घ्यायचं की नाही, हे बायकांनी ठरवलं नव्हतं.

तुमच्याकडे असं जर-तर निघालं तर आधी विचारा, ठरवायचा अधिकार कोणाचा होता? तिथून सुरुवात करा. आमच्या घरचं जर-तर ‘लावणीनंतर बघू’पासून सुरू होतं, आणि हे मी काकांना तोंडावर सांगितलेलं आहे.