नवीन छोट्या पिस्तुलांत आणि रायफलींत खरंच नवं काय असतं?

तुमचा प्रश्न असा आहे की दरवर्षी "सगळ्यात छोटं", "पूर्ण ताकद, अर्धा आकार" असा गाजावाजा करत पिस्तुलं आणि रायफली येतात, तर त्यांत खरंच काही नवं असतं की जुन्याच मालाला नवा रंग? त्याला जोडून तुम्ही आणखी दोन गोष्टी विचारल्यात: शिकाऊ माणसाला छोटं पिस्तूल सोपं जातं का, आणि घडीच्या रायफलीचा नेम उघड-बंद करून टिकतो का.

मी काही वर्षं एका शूटिंग रेंजवर शस्त्रं साफ करणं, झिजलेले भाग बदलणं असली कामं केली आहेत. नेमबाज म्हणून मी बेताचाच, पण खोलून पाहिलेली पिस्तुलं मात्र भरपूर. म्हणजे हे उत्तर नेम धरणाऱ्याचं कमी आणि पाना-पेचकस हातात असणाऱ्याचं जास्त आहे.

पिस्तुलांपुरतं विचाराल तर नवं आहे, पण जाहिरातीत ज्याचा फोटो असतो तिथे नाही. ते मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या काडतुसांच्या डबीत आहे.

२०१५ साली ग्लॉक ४३ आलं तेव्हा त्याचं भरपूर कौतुक झालं होतं. ९ मिलिमीटर जाडीच्या गोळीचं, चपटं, रिकामं वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि मॅगझिनमध्ये सहा काडतुसं. एवढ्या आकारात एवढीच मावणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मग जानेवारी २०१८ मध्ये सिग सावरचं पी३६५ आलं. वजन जवळपास तेवढंच, नळी उलट आखूड, जेमतेम ७९ मिलिमीटर, आणि मॅगझिनमध्ये दहा.

ही चार जादा काडतुसं आली कुठून? जुन्या चपट्या पिस्तुलांत काडतुसं एकावर एक रचलेली असत, सरळ एका ओळीत. मोठ्या पिस्तुलांत ती दोन ओळींत बसतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, म्हणून मूठ जाड होते. पी३६५ ने मधला रस्ता धरला. काडतुसं पूर्ण दोन ओळींत जात नाहीत, थोडी तिरकी सरकून एकमेकांच्या खाचेत बसतात. तिघांच्या बाकावर चौथा माणूस खांदा तिरका करून बसतो, तसं. वर पोचता पोचता ओळ पुन्हा एकेरी होते आणि नळीत जाणारं काडतूस बरोबर मधोमध येतं.

वर अरुंद होणारं मॅगझिन ही कल्पना काही कालची नाही. बेल्जियमच्या दियुदोने सेव्हनी ती ब्राउनिंग हाय-पॉवरसाठी वापरली होती. ते पिस्तूल १९३५ चं आणि त्यात १३ काडतुसं बसायची. फार कशाला, १९९५ च्या केल-टेक पी-११ मध्येही दहा बसत होती, आणि तेही लहानच होतं. पण त्याचा चाप इतका जड आणि लांब होता की ओढता ओढता माशी (नळीच्या टोकाकडचा नेमाचा खुंट) नेमाच्या मागच्या खाचेतून निसटायची. पी३६५ चं श्रेय शोधाचं नाही. एवढ्या कमी रुंदीत बऱ्या चापासकट ते चालवून दाखवलं, हे त्याचं श्रेय.

त्यानंतर रांग लागली. २०१९ मध्ये स्प्रिंगफील्डचं हेलकॅट आलं, मॅगझिनमध्ये अकरा. ते बनतं क्रोएशियात. २०२१ मध्ये स्मिथ अँड वेसनने शील्ड प्लस आणलं आणि रुगरने मॅक्स-९. गंमत पुढेच आहे. त्याच पी३६५ घराण्यात २०२२ ला एक्स-मॅक्रो आलं, सतरा काडतुसांचं, लांब मुठीचं. तीस वर्षांपूर्वीच्या ग्लॉक १९ मध्ये पंधरा बसायची. म्हणजे लहान म्हणून जन्मलेलं पिस्तूल चार वर्षांत हातापायांनी वाढून पुन्हा मध्यम आकाराच्या उंबरठ्यावर येऊन उभं राहिलं. फक्त कमरेत बारीक राहिलं, एवढाच फरक.

आता जाहिरातीत न सांगितलेली बाजू. पिस्तूल लहान केलं की स्लाइड, म्हणजे दर बाराला मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, हलकी होते आणि तिला मागे जायला जागाही कमी मिळते. काडतुसाचा जोर मात्र तेवढाच. मग स्लाइडला आवरायला स्प्रिंग कडक लागते, बऱ्याचदा एकात एक बसवलेल्या दोन स्प्रिंगा. स्लाइड चटकन मागे जाते, चटकन पुढे येते, आणि तेवढ्या क्षणात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचं काडतूस वर आणून ठेवलेलं असायला हवं. म्हणून तीही कडक. कोऱ्या मॅगझिनमध्ये दहावं काडतूस बोटाने भरून पाहा. नवव्यापर्यंत सगळं सुरळीत असतं, दहाव्याला अंगठ्याचं नख पांढरं पडतं. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्या मॅगझिनच्या ओठांचा एक व्रण कायमचा आहे. हल्ली भरायचं प्लॅस्टिकचं टोपण मिळतं, ते वापरण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

यातच तुमच्या शिकाऊ माणसाच्या प्रश्नाचं उत्तर आहे: नाही, सोपं जात नाही. लहान म्हणजे सोपं, हा समज लोकांच्या डोक्यातून जाता जात नाही. रेंजवर नवखा माणूस आला, विशेषतः लहान हाताचा, की सोबतचा कुणीतरी हमखास सगळ्यात छोटं पिस्तूल त्याच्या हातात द्यायचा. पहिल्या बाराला मनगट मागे झुकायचं. पिस्तूल हातासकट मागे गेलं की स्लाइडला स्प्रिंग पुरती दाबता येत नाही, ती अर्ध्यातूनच परतते आणि रिकामी पुंगळी (काडतुसाचं कवच) बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते, धुराड्यासारखी. माणसाला वाटतं पिस्तूल बिघडलं. तेच पिस्तूल घट्ट मनगटाच्या हातात दिलं की पन्नास बार बिनबोभाट. शिवाय माशी आणि मागची खाच यांतलं अंतर कमी असल्याने हाताची केसभर चूक लक्ष्यावर चांगली बोटभर दिसते. शिकायचं असेल तर आधी पूर्ण आकाराच्या, पण बारीक .२२ काडतुसाच्या पिस्तुलावर शिकावं, मग मोठं ९ मिलिमीटर, आणि छोटं सगळ्यात शेवटी.

त्याहून छोट्यांची एक वेगळी जात आहे, .३८० या लहान काडतुसाची. रुगरचं एलसीपी २००८ चं, जेमतेम पावणेतीनशे ग्रॅम. २०२४ मध्ये स्मिथ अँड वेसनने बॉडीगार्ड २.० काढलं, वजन जवळपास तेच, पण मॅगझिनमध्ये दहा किंवा बारा. तीच मॅगझिनची करामत आणखी लहान काडतुसावर. धक्का कमी, चाप आधीच्यापेक्षा पुष्कळ बरा. मला स्वतःला यंत्र म्हणून ते फार आवडतं.

बाकी दोन बदल थोडक्यात. स्लाइडवर लाल ठिपक्याची छोटी दुर्बीण बसवायला सपाट खाच आता सरसकट मिळते आणि चष्मा लागलेल्यांसाठी ते वरदान आहे, कारण माशी, खाच आणि लक्ष्य या तिन्हींवर डोळा नाचवावा लागत नाही. दुसरं, चाप आणि त्याची यंत्रणा एका सुट्या सांगाड्यात ठेवायची आणि बाहेरची मूठ हवी तशी बदलायची. २०२४ च्या शेवटी आलेल्या रुगरच्या आरएक्सएमची मांडणी हीच आहे. मूठ मॅगपुलची, आणि मॅगझिन ग्लॉकचं चालतं. प्रतिस्पर्ध्याचं मॅगझिन आपल्या पिस्तुलात चालतं असं कंपनीनेच सांगावं, हे वीस वर्षांपूर्वी कुणाला पटलं नसतं.

आता रायफली. इथे "नवं" या शब्दाकडे मी जरा संशयाने बघतो.

एआर-१५ या अमेरिकी जातीच्या रायफलीचा खांद्याला टेकवायचा दस्ता दुमडत नाही, कारण बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा भाग) मागे येताना ज्या स्प्रिंगवर आदळतो ती दस्त्यातल्या नळकांड्यात असते. दस्ता दुमडायचा तर ती स्प्रिंग तिथून हलवायला हवी. सिगच्या २०१५ च्या एमसीएक्सने ती वर, बोल्टच्या डोक्यावर नेली आणि दस्ता मोकळा झाला. छानच. पण आर्मालाइटच्या १९६० च्या दशकातल्या एआर-१८ मध्ये स्प्रिंगा अशाच आत घेतलेल्या होत्या आणि दस्ताही दुमडत होता. ती रायफल फारशी खपली नाही, तिची यंत्रणा मात्र नंतर कितीतरी रायफलींच्या पोटात जाऊन बसली.

खरी अडचण दस्त्याची नाही, नळीची आहे. एआर-१५ चं ५.५६ मिलिमीटरचं काडतूस २० इंची नळी गृहीत धरून घडलेलं. तेवढ्या नळीतून गोळी सेकंदाला ९०० मीटरपेक्षा जास्त वेगाने निघते. नळी १० इंचांवर आणली की वेग ८०० च्या आसपास उतरतो, आणि नळीत जळायची राहिलेली दारू तोंडाशी जळते. छताखालच्या रेंजवर असली आखूड रायफल शेजारच्या खोबणीत वाजली की कानावर संरक्षण असूनही छातीत हादरा बसतो. वेग गेला, आवाज आणि झोत वाढला, मिळाली ती फक्त लांबीतली बचत.

यावर निघालेला उपाय म्हणजे .३०० ब्लॅकआउट हे काडतूस. अमेरिकेत २०११ मध्ये त्याला रीतसर मानक म्हणून मान्यता मिळाली. पुंगळी ५.५६ च्याच जातीची, तोंडाला रुंद, गोळी जाड, आणि दारू अशी की ९ इंचांच्या आसपास जळून संपते. म्हणून सिग रॅटलरसारख्या साडेपाच इंची नळीच्या रायफलीही त्यात तग धरतात. माझ्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांत छोट्या रायफलींत झालेला खरा बदल हा काडतुसाचा आहे, बंदुकीचा नव्हे.

त्यात एक जीवघेणी मेख आहे. या काडतुसाला मॅगझिन आणि बोल्ट ५.५६ चेच चालतात, बदलावी लागते फक्त नळी. म्हणजे चुकून .३०० चं काडतूस ५.५६ च्या रायफलीत भरलं जाऊ शकतं, आणि काही गोळ्यांच्या बाबतीत बोल्ट बंदही होतो. मग चाप ओढला की जाड गोळी बारीक नळीत अडकून रायफल फुटते. आमच्याकडे दोन्ही असायच्या, म्हणून .३०० च्या प्रत्येक मॅगझिनला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली असायची आणि दोन्ही रायफली एका टेबलावर कधीच ठेवायच्या नाहीत, हा नियम होता. एकदा एका जाणत्या माणसाने पट्टी "घाण दिसते" म्हणून सोलून काढली. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकावर ओरडलो.

अमेरिकेच्या बाजारात कितीतरी रायफलींची नळी बरोबर १६ इंचांची का असते, तर त्यामागे यंत्रशास्त्र नाही, कायदा आहे. तिथल्या १९३४ च्या कायद्याने यापेक्षा आखूड नळीची रायफल वेगळ्या नोंदणीच्या गटात जाते. मूळ मर्यादा १८ इंचांची होती, १९६० मध्ये ती १६ वर आली. त्यामुळे कंपन्या नळी तेवढीच ठेवून बाकीचं दुमडायच्या मागे लागतात. केल-टेकची सब-२००० मधोमध मोडून दुप्पट घडी होते, साधारण ४१ सेंटिमीटरची. रुगरची पीसी कार्बाइन दोन तुकड्यांत सुटते.

तिसरा मार्ग, म्हणजे मॅगझिन चापाच्या मागे नेणं, सगळ्यात हुशार वाटतो. ऑस्ट्रियाची अशा मांडणीची ऑग आणि नेहमीच्या मांडणीची अमेरिकी एम१६ए२ यांची नळी सारखीच, ५०८ मिलिमीटर, पण पहिलीची एकूण लांबी ७९० मिलिमीटर आणि दुसरीची जवळपास एक मीटर. वेग न गमावता वीतभर बचत! तरी सैन्यं यातून बाहेर पडताहेत. फ्रान्सने २०१६ मध्ये याच मांडणीची फामास सोडून नेहमीच्या मांडणीची एचके४१६ निवडली, आणि २०१९ च्या संचलनात चीननेही नेहमीच्या मांडणीची क्यूबीझेड-१९१ दाखवली. चापापासून यंत्रणेपर्यंत लांब सळई जाते, त्यामुळे चाप चिखलात बोट घातल्यासारखा लागतो. मॅगझिन बगलेखाली चाचपून बदलावं लागतं. आणि डावखुऱ्याच्या गालापाशी पुंगळी बाहेर पडते. मी डावखुरा आहे, म्हणून माझं मत इथे थोडं कडू समजून वाचा.

घ्यायची घाई असेल तर एक सांगतो: पहिल्या वर्षाचा माल टाळा. एलसीपी २००८ मध्येच आलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, पडल्यावर बार उडू शकतो म्हणून परत बोलावलं गेलं. स्प्रिंगफील्डच्या एक्सडी-एसवरही २०१३ मध्ये परत बोलावलं जायची वेळ आली. लहान यंत्रात सगळे भाग एकमेकांना खेटून असतात, चुकीला जागा उरत नाही. आमच्याकडेही एका कंपनीचं अगदी पहिल्या खेपेतलं पिस्तूल होतं. काहीशे बार झाल्यावर चाप पुढे यायचाच बंद झाला. खोललं तर केसाएवढ्या स्प्रिंगचे दोन तुकडे तळाशी पडलेले. कंपनीने मुकाट्याने जाड स्प्रिंग पाठवली.

राहिला घडीच्या रायफलीच्या नेमाचा प्रश्न. फक्त दस्ता दुमडत असेल तर नेमाला काही होत नाही, कारण नळी आणि दुर्बीण जागच्या जागी असतात. सब-२००० मध्ये पूर्वी दुर्बीण लावली की घडीच होत नसे. २०२४ च्या तिसऱ्या आवृत्तीत पुढची पकड गोल फिरते, दुर्बीण बाजूला जाते आणि नळीसोबतच राहते. पीसी कार्बाइनमध्ये मात्र दुर्बीण मागच्या तुकड्यावर आणि नळी पुढच्या, त्यामुळे सगळी मदार सांध्यावर. तिथे एक फिरवायचं कडं असतं. पहिल्यांदा जोडताना ते घट्ट बसवून घ्यायचं. सैल राहिलं तर दर जोडणीला गोळी थोडी वेगळीकडे जाते आणि माणूस उगाच दुर्बिणीचे स्क्रू पिळत बसतो.