साखर सोडली, तरी जिलबी का सुटत नाही?

इंदूरच्या रामबागेतले एक काका-काकू माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काकांचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. चहातली साखर जाऊन शुगर-फ्रीची गोळी आली होती. पण सकाळी पोह्यांवर जीरावण (इंदुरी मसाला) पडलं की जिलबी हवीच. "मनावर ताबा नाही हो यांचा, जिभेचे चोचले नुसते," काकू म्हणाल्या. काका गप्प.

गोड सोडायला निघालेल्या जवळजवळ प्रत्येक घरातून हीच तक्रार येते, आणि सोबत अशी शरमही. काकूंना म्हटलं, जिभेवर सगळा आळ घेऊ नका. या ओढीत आतड्याचाही हात असतो.

२००८ साली इव्हान दे अराउजो या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी गोड चवच न कळणाऱ्या उंदरांवर प्रयोग केला. तेही काही काळाने साखरेच्या पाण्याकडेच वळू लागले. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स झुकर यांच्या प्रयोगशाळेने साध्या उंदरांपुढे एकीकडे साखरेचं, दुसरीकडे कृत्रिम गोडव्याचं पाणी ठेवलं. सुरुवातीला दोन्ही सारखंच प्यायले. दोन दिवसांत जवळजवळ सगळे साखरेवर. आतड्याच्या अस्तरात ग्लुकोज ओळखणारी यंत्रणा असते. तिचा निरोप व्हेगस नावाच्या नसेतून मेंदूकडे जातो. कृत्रिम गोडवा जिभेला फसवतो, या यंत्रणेला नाही.

काकांना जास्त पटला तो अँथनी स्क्लाफानी या संशोधकाचा प्रयोग. उंदीर एका स्वादाचं पाणी पीत असताना साखर नळीने थेट पोटात सोडायची, दुसऱ्या स्वादाबरोबर नुसतं पाणी. पुढे उंदरांना पहिलाच स्वाद आवडू लागतो, साखर तोंडाला लागलेली नसतानाही. माणसांवरच्या अशा प्रयोगांत परिणाम एवढा ठळक येत नाही, हे खरं. पण काकांच्या पोह्यातली बडीशेप आणि जीरावण वर्षानुवर्षं जिलबीच्या पाकासोबत पोटात गेलेली. आता त्या वासानेच जिलबी आठवली तर नवल कसलं?

"मग गोळी फुकटच म्हणायची?" काकूंनी विचारलं. तसं नाही. चहातली साखर वाचली, तो फायदा आहेच. पण गोळीने ओढ जाईल ही अपेक्षा चुकीची. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सांगितलं (आधीपासून मधुमेह असलेल्यांना हा सल्ला लागू नाही).

आम्ही जिलबी बंद केली नाही, जोडी फोडली. इंदुरी माणसाला पोहे सोडायला सांगण्याची माझी छाती नाही! पोहे घरीच, थोडे कमी, वर मोड आलेले मूग आणि शेंगदाणे. जीरावण, बडीशेप तशीच, फक्त शेजारी जिलबी नाही. जिलबी रविवारी दुपारच्या जेवणानंतर, एकच, आणि त्या दिवशी पोहे नाहीत. जुनी जोडी लवकर पुसली जात नाही. उंदरांतही ती चिवट निघते. सुरुवातीला काका वैतागले, रस्त्यावरच्या कढईपाशी दोनदा घसरलेही. त्यावर घरात भाषण द्यायचं नाही, एवढंच मी काकूंकडून कबूल करून घेतलं.

(गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाण्यातले असे बदल डॉक्टरांना विचारूनच करा.)

पुढच्या भेटीत काका म्हणाले, पोहे आता पोह्यांसारखे लागतात, पुढचं काही मागत नाहीत. सराफ्याचं, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराचं, मात्र जमलेलं नाही. तिथे रात्री रबडीचा वास आला की पाय थबकतात. तिथलं आता काकूंनीच ठरवलंय: घरून जेवून निघायचं, आधी भुट्ट्याचा कीस, आणि रबडी घेतलीच तर दोघांत एक वाटी.